चहावरची बशी

थांबारावांवर मी जेवढी चिडले, तेवढी आयुष्यात दुसऱ्या कुणावर चिडले नाही. नवऱ्यावरसुद्धा नाही. आणि गंमत म्हणजे थांबारावांनी मला कधी एक वावगा शब्द ऐकवला नाही. शब्दच ऐकवला नाही, हीच तर तक्रार होती.

त्यांचं खरं नाव कागदोपत्री होतं, पण कारखान्यात सगळे त्यांना थांबारावच म्हणत. काहीही विचारा, आधी त्यांचा तळहात वर व्हायचा आणि मग शब्द यायचा, "थांबा." जेवायला येताय का? थांबा. खिडकी लावू का? थांबा. एकदा गोदामात शिडी अंगावर कलंडत होती, तेव्हा त्यांनी शिडीलाही "थांबा" म्हटलं म्हणे. ही गोष्ट गोदामवाल्याने रचलेली असणार, पण ऐकणाऱ्या कुणालाच ती खोटी वाटली नाही.

आमचा कारखाना व्हिस्कीचा. सिंगल माल्ट ओकच्या लाकडाच्या पिंपांत भरायची, वर्षानुवर्षं गोदामात निजवायची, आणि तिला कधी उठवायचं ते आमच्या खोलीने ठरवायचं. लोकांना वाटतं आम्हाला दारू पिण्याचा पगार मिळतो. खरं तर आम्हाला थुंकण्याचा पगार मिळतो. सकाळी, पोटात फार काही नसताना, चार माणसं एका पांढऱ्या टेबलाभोवती बसतात, हुंगतात, घोटभर तोंडात घोळवतात, थुंकतात आणि गप्प बसतात. ग्लास निळ्या काचेचे, म्हणजे रंग पाहून कुणी हुरळून जायला नको. प्रत्येक ग्लासवर काचेचं छोटं चपटं झाकण, म्हणजे वास आतच राहावा. अत्तर, पावडर, सुगंधी साबण, सगळं बंद. मी या नोकरीत आले तेव्हा माझ्या केसांना लावलेल्या तेलावरून पहिल्याच दिवशी मला परत घरी पाठवलं होतं. पाठवलं अर्थात थांबारावांनी. बोलले नाहीत, नुसतं खिडकीशी जाऊन उभे राहिले.

या खोलीचा एक नियम होता आणि या माणसाची सगळी कहाणी त्या नियमात आहे, म्हणून तो सांगते. फार पूर्वी इथला मुख्य चाखणारा आधी बोलायचा आणि बाकीचे त्याची री ओढायचे. एकदा त्याला सर्दी झाली होती. त्याने नासलेल्या पिंपांना छान म्हटलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि विझलेल्या आगकाडीसारखा वास मारणारा माल बाटल्यांत भरून बाहेर गेला. तेव्हापासून ठरलं, नोकरीत सगळ्यात नवा तो आधी बोलेल आणि सगळ्यात जुना शेवटी. मधे कुणी कुणाचं तोंड पाहायचं नाही. शेवटच्या माणसाचा निकाल अंतिम. त्याने "काढा" म्हटलं की पिंप उघडलं. आणि त्याने काही न बोलता ग्लासवर झाकण ठेवलं, की पिंप परत गोदामात. मग बाकी तिघांनी कितीही तारीफ केलेली असो, त्यावर बोलणं संपलं.

थांबाराव कितीतरी वर्षं शेवटचे होते. एखाद्याची बसण्याची ढब बदलते, कुणाची चाल बदलते, तसा त्यांचा स्वभावच या नियमाच्या साच्यात बसून गेला. कुठेही चार माणसं बोलायला लागली की हे आपोआप शेवटचे व्हायचे. बसच्या रांगेत वाद झाला, हे शेवटचे. कारखान्याच्या सभेत, शेवटचे. आणि जगाला कुठे माहीत आहे की कुणीतरी शेवटी बोलणार आहे? जग आपलं बोलून उठून जातं.

घरी ते एकटेच राहत. त्यांची बायको, आमच्या वहिनी, जाऊन काही वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी होती, ती त्याच शहरात, दोन बस बदलून जावं लागेल एवढ्या अंतरावर. लग्न झाल्यापासून तिने बापाच्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. आईच्या दुखण्यात ती इस्पितळात यायची, आईचे पाय चेपायची आणि तिथूनच परत जायची. फोन केला तर उचलायची, तब्येत विचारायची, ठेवायची. लग्न घरच्यांना पसंत नव्हतं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पण थांबाराव रविवारी कधीही, कुणाच्याही घरी, कसल्याही कार्याला जात नसत. मी एकदा खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "रविवारी तिला सुट्टी असते. आली आणि कुलूप दिसलं तर?" त्यानंतर मी त्यांना रविवारी बोलावणं सोडून दिलं. मी त्यांच्या घरी जायची, तीही कधीमधी.

ते घर आठवलं की मला अजून गलबलून येतं. दोन खोल्या, आरशासारखी स्वच्छ फरशी, आणि वास कसलाच नाही. वहिनी होत्या तेव्हा त्या स्वयंपाकघराचं दार घट्ट लावून कांदा परतायच्या, कपडे बिनवासाच्या साबणाने धुवायच्या. एवढी हौशी बाई, पण पावडर लावायची ती फक्त सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी. तो पावडरचा डबा अजून फळीवर होता, झाकण घट्ट लावलेला. मी एकदा सहज हात लावला तर म्हणाले, "बाई, उघडू नका. उघडलं की उडतं." एवढं बोलून ते स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. एकटेपण एकटेपण म्हणतात ते काय असतं, ते मला त्या नळाच्या आवाजात कळलं.

वहिनींनीच मला एकदा बापलेकीचा खेळ सांगितला होता. मुलगी लहान असताना दोघं घरी "गोदाम गोदाम" खेळायची. मध, सरबत, मुरांबा, वाट्यांत काढून ठेवायचे. पोरगी डोळे मिटून, नाक फेंदारून, भलतीच गंभीर होऊन हुंगायची. आवडलं की "काढा!" नाही आवडलं की वर ताटली ठेवायची आणि ओरडायची, "परत गोदामात!" नावडत्या भाजीवरही तिने एकदा ताटली ठेवली होती. "आणि हे बसले हसत," वहिनी सांगत होत्या, "भाजी मी केलेली, आणि निकाल यांच्या कंपनीचा!"

तर आता त्या दिवसाचं सांगते.

महिनाअखेर थांबाराव निवृत्त होणार होते. त्याआधी गोदामातल्या सगळ्यात जुन्या पिंपाचा निकाल लावायचा होता. त्याच्या सोबतची सगळी पिंपं केव्हाच रिकामी झाली होती, हे एकटंच मागच्या भिंतीशी पडून होतं. दरवर्षी त्यातलं थोडं थोडं लाकडातून हवेत जात होतं. उरलं होतं ते जेमतेम तळाला, आणि ते पाणी न घालता, पिंपातून निघेल त्याच ताकदीने बाटलीत भरायचं असं ठरलं होतं. काढायचं की आणखी ठेवायचं, एवढाच प्रश्न होता.

अशा जहाल व्हिस्कीत नाक एकदम खुपसलं तर नाकच बधिर होतं. तोंड किंचित उघडं ठेवून लांबून वास घ्यायचा, आणि पहिल्या वासावर मत बनवायचं नाही. मग ड्रॉपरने पाणी, एकेक थेंब. थेंब पडला की आत तेलकट धागे फिरायला लागतात आणि व्हिस्की उलगडते. आधी मला फक्त वार्निश आणि जुन्या कपाटाचं लाकूड लागलं. दोन थेंबांनंतर जर्दाळू आला, मग मेण, मग संत्र्याची वाळलेली साल. घोट घेतला तर सुरुवात सुंदर होती, पण शेवटी जिभेच्या कडा आवळल्या गेल्या, पेन्सिल चघळल्यावर होतात तशा. लाकूड वरचढ होऊ लागलं होतं.

आमचे साहेब सगळ्यात नवे, म्हणून ते आधी बोलले. "ठेवू या. आणखी थोडी वर्षं काढली की बाटलीवर गोल आकडा येईल." गोदामवाला म्हणाला, "ठेवू या." नियम असूनही त्याने साहेबांची री ओढली, त्यात नवल काही नव्हतं. मी म्हटलं, "काढावं. लाकूड चढतंय."

मग थांबाराव. आम्ही टेबलाकडे बघत बसलो. त्यांनी एक थेंब घातला. थांबले. आणखी एक घातला. थांबले. साहेबांचा पाय टेबलाखाली हलायला लागला. त्यांनी झाकण उचललं, तेव्हा मला वाटलं, झालं, परत गोदामात. पण त्यांनी ते बोटांत नुसतं धरून ठेवलं.

"काढा," ते म्हणाले. "आणि आजच काढा. यात अजून फळ आहे. पुढच्या वर्षी नुसतं लाकूड उरेल."

"पण आपण थांबलो तर..." साहेब म्हणाले.

"आपण थांबू हो. पिंप नाही थांबत."

एवढं लांबलचक भाषण त्यांनी त्या खोलीत पूर्वी कधी केलं नव्हतं. साहेब खांदे उडवून उठले, गोदामवाला पिंपाकडे गेला. मी माझा ग्लास आवरत होते, तर थांबाराव म्हणाले, "बाई, जरा बसा. एक विचारायचं आहे."

मी बसले. त्यांनी मला काही विचारण्याची ही बहुधा पहिलीच वेळ होती.

"पिंप काढणाऱ्याला पहिली बाटली मिळते," ते म्हणाले. आजवरच्या बाटल्या त्यांनी डॉक्टरला, शेजाऱ्याला, कुणाकुणाला देऊन टाकल्या होत्या. "ही एक जावयाला पाठवली तर चालेल का?"

जावई हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. त्यांनीही तो पहिल्यांदाच वापरला असावा, कारण म्हणून झाल्यावर ते जरा घाबरल्यासारखे दिसले.

"चालेल की," मी म्हटलं. "पण तुम्हाला तर तो पसंत नव्हता ना?"

"कोण म्हणालं?"

"सगळेच म्हणतात."

"मी कुठे म्हणालो?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मग ते सांगायला लागले, एकेक वाक्य थेंबासारखं.

मुलीने त्या मुलाबद्दल घरी सांगितलं, तेव्हा थांबाराव कुणालाही न कळवता त्याला बघून आले होते. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. हे आपल्या चष्म्याचा स्क्रू सैल करून गेले. पहिल्या दिवशी मुलगा मान वर न करता "ठेवा, उद्या या" एवढंच म्हणाला. "पहिल्या वासाला वार्निश," थांबाराव म्हणाले. पण पहिल्या वासावर निकाल द्यायचा नाही, म्हणून ते परत गेले. तेव्हा दुकानात एक म्हातारी फ्रेमा लावून बघत होती. तिला एकही पसंत पडेना. आणि हा मुलगा तिच्यासमोर आरसा धरून उभा होता. हात भरून आला की दुसऱ्या हातात घ्यायचा. "आजी, घाई नाही," एवढंच अधूनमधून म्हणायचा.

"मी त्या दिवशीच ठरवलं होतं," थांबाराव म्हणाले. "मुलगा चांगला आहे."

"मग?" मी जवळजवळ ओरडले. "मग सांगितलं का नाही?"

"सांगणारच होतो. सगळे बसलो होतो, चहा झाला होता. आधी तिचा मामा बोलला, नको म्हणाला. मग तिची आई. आईचं बोलणं लांबलं, ती रडायला लागली, पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागली. मी वाट बघत होतो. माझा चहा गार होत होता, म्हणून त्याच्यावर बशी ठेवली. तेवढ्यात पोरगी उठली, माझ्याकडे एकदा बघितलं, पिशवी घेतली आणि गेली." त्यांनी झाकण बोटांत फिरवलं. "माझी पाळीच आली नाही, बाई."

संतापाने माझ्या कानशिलांत रक्त चढलं होतं. इतकी वर्षं! वहिनी मनात कुढत गेल्या, हे घर रिकामं झालं, आणि हा माणूस पाळीची वाट बघत बसला! मी काहीतरी चांगलंच तोडून बोलणार होते. पण त्यांच्या बोटांत अजून ते काचेचं झाकण होतं. बोलण्याच्या नादात त्यांनी ते ग्लासवर ठेवलं. ठक्क असा बारीकसा आवाज झाला.

मी त्या झाकणाकडे बोट दाखवलं.

"थांबाराव," मी म्हटलं, "तुम्ही चहावर बशी ठेवलीत."

"हो. गार होत होता."

"तिने बघितलं?"

"बघितलंच असेल. समोरच तर बसली होती."

"अहो, तिला हा खेळ कुणी शिकवला होता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग ग्लासकडे, मग झाकणाकडे. पाण्याचा थेंब पडल्यावर आत ते धागे फिरतात ना, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर फिरलं. त्यांचा हात हळूच पुढे आला आणि त्यांनी ते झाकण उचललं, जणू आता उचलून काही उपयोग होणार होता.

"तिला वाटलं, परत गोदामात," ते म्हणाले.

आवाज त्यांचा नव्हताच तो. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, "फोन लावा."

"थांबा."

"नाही थांबत! आत्ता लावा, नाहीतर मी लावते."

शेवटी नंबर मीच लावून दिला. फोन त्यांनी दोन्ही हातांनी कानाशी धरला. पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं.

"मी बोलतोय... हो, बरा आहे... नाही नाही, पडलो-बिडलो नाही." मी टेबलावर टकटक केलं. "अगं, त्या दिवशी... हो, त्याच दिवशी. मी चहावर बशी ठेवली होती. ते झाकण नव्हतं गं. चहा गार होत होता, एवढंच." "माझं बोलायचं राहून गेलं होतं. ते आता सांगतो. काढा. म्हणजे... मुलगा चांगला आहे."

लग्नाला इतकी वर्षं झालेल्या मुलीला बाप सांगत होता की मुलगा चांगला आहे. मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले. खाली अंगणात गोदामवाला ते जुनं पिंप दोघांकडून ढकलवत आणत होता.

मागे ते पलीकडचं ऐकत होते. मग दोनदा "हं" ऐकू आलं आणि फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, थांबा."

"थांबा? एवढंच?"

"म्हणाली, 'थांबा बाबा, आधी त्याच्याशी बोलते. इतकी वर्षं त्याला वाटतंय की तो तुम्हाला चालत नाही. आता त्याला काय वाटतं, ते त्याला ठरवू दे.'" थांबारावांनी मान हलवली. "बरोबर आहे. आता शेवटचा तो."

"आणि बाटली?"

"तो बोलल्याशिवाय नाही पाठवायची. लाच होईल ती."

त्या आठवड्यात पिंप बाटल्यांत गेलं. महिनाअखेर त्यांचा निरोप झाला, साहेबांनी भाषण केलं, सगळ्यांचं बोलून झाल्यावर थांबाराव उभे राहिले आणि तोवर लोक जेवायला पांगले होते. त्यांची जागा आता माझ्याकडे आली. मी शेवटची बोलते, आणि मला ते अजिबात जमत नाही.

पुढच्या एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. बाहेरचं दार सताड उघडं होतं. मी आजवर ते घर बंदच पाहिलेलं, कुणाचे वास आत यायला नकोत म्हणून. आता शेजारच्यांच्या घरातल्या परतलेल्या कांद्याचा वास खोलीभर पसरला होता आणि थांबाराव दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. कपाटावर ती बाटली होती, गुंडाळलेली, न फोडलेली.

"आला का फोन?"

"अजून नाही," ते म्हणाले. "जावई घाई करत नाही. मी बघितलंय ना त्याला."

त्यांच्यासमोर स्टुलावर चहा होता. कधीचा केलेला होता कुणास ठाऊक, वर साय धरून सुरकुतली होती. बशी बाजूला ठेवली होती.

"अहो, गार झालाय," मी म्हटलं. "निदान झाकून तरी ठेवायचा."

त्यांचा तळहात वर झाला.

"नको," ते म्हणाले. "उघडाच राहू द्या."